अंगठ्याखालची ओळ

माझ्या मामावर अन्याय झाला तो यंदाच्या रमजानच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मी मनची सांगत नाही, कागदावर शिक्का आहे. बांधकामाच्या साइट ऑफिसात टेबलावर एक कागद ठेवला गेला. आयडी कार्डाच्या रिन्यूअलचा आहे, असं सांगितलं गेलं. कागद इंग्रजीत आणि अरबीत होता. त्यात लिहिलं होतं की, मी माझ्या राजीखुशीनं यंदाची रजा पुढच्या वर्षावर ढकलतो आहे.

मामाला सही येते. मराठीत, ठसठशीत, शेवटी आडवी रेघ मारून. त्यानं खिशातून पेन काढलंही होतं. "अंगठा चलेगा, यल्ला, पीछे लाइन है," असं कुणीतरी घाई करत म्हणालं. मामानं पेन परत खिशात ठेवलं आणि अंगठा दिला.

ही रजा साधी नव्हती. मामा गुहागरकडचा गवंडी, बहारीनमध्ये वीस वर्षांच्या वर झाली. ते पाच भाऊ. घरचा गणपती एक, त्यामुळे दर वर्षी एकेकाची पाळी. ज्याची पाळी तो मूर्ती घरी आणतो, पाच दिवस पूजा करतो आणि शेवटच्या दिवशी मूर्ती डोक्यावर घेऊन विसर्जनाला वहाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, जातो. मामाची मागची पाळी कोरोनात गेली. या वेळची चुकली तर पुढची आणखी पाच वर्षांनी, आणि गुडघे आत्ताच कुरकुरतात.

जुलैच्या शेवटी तो रजा मागायला गेला तेव्हा त्याच्या हातात त्या कागदाची झेरॉक्स आली. शुक्रवारी तो नेहमीसारखा झिंज भागात आमच्या घरी जेवायला आला. मी दादा-वहिनीकडे राहते. त्यानं झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

"काय लिवलंय गो ह्यात?"

मी वाचून दाखवलं. त्यानं दोनदा ऐकलं.

"मी असं कवा बोललो?"

मग तो बांगड्याचं सार जेवला आणि ताट उचलून स्वतः धुऊन ठेवलं. वहिनी नको नको म्हणत होती.

कंपनीला अर्ज मी लिहिला. माझं सगळं लिहिणं कॉलेजच्या गेटवर घडलेलं. रत्नागिरीत आम्ही पत्रकं वाटायचो, वसतिगृहाच्या पाण्यासाठी, बंद पडलेल्या एसटीसाठी. पत्रक म्हटलं की पहिल्याच ओळीत धिक्कार आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. इथंही तेच केलं. तीन पानं. श्रमिकांची फसवणूक, गुलामगिरी, जागतिक कामगार हक्क, सगळं आलं. मामाला मराठीत समजावून सांगितलं. त्यानं तिन्ही पानं एकेक उलटून पाहिली.

"ह्यात माजा गणपती कुठं हाय?"

"मामा, मुद्दा व्यापक आहे."

"हां," तो म्हणाला.

कंपनीचं उत्तर यायला अडीच आठवडे लागले. उत्तरात फक्त त्याच कागदाची आणखी एक झेरॉक्स होती. ते वाया गेलेले अडीच आठवडे माझ्या नावावर आहेत. कंपनीच्या नाहीत.

मी काम करते अदलिया भागात, कॅफेंच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या ऑफिसात. अमेरिकेतले जुने सरकारी कागद स्कॅन होऊन आमच्याकडे येतात. कॉम्प्युटरनं वाचलेला मजकूर मूळ अक्षराशी ताडून पाहायचा आणि रकाने भरायचे : कुणी लिहिलं, कुणाला, कशाबद्दल. त्या महिन्यांत माझ्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका नव्या राज्याच्या राज्यपालाची कागदपत्रं होती. राज्य म्हणजे काय, जंगल तोडून वसवलेली चार गावं आणि एक तुरुंग. होडीचा परवाना द्या. शिपायांना बूट नाहीत. मी न्यायाधीशपद सोडतो, घरी शेत पडून आहे. दिवसाला असे साठ-सत्तर कागद. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं.

कंपनीची झेरॉक्स आली त्याच आठवड्यात माझ्यापुढे एका बाईचा अर्ज आला. नवरा मारामारीत तुरुंगात. मक्याची पेरणी तोंडावर आली, मुलं लहान आहेत, त्याला सोडा. सगळा मिळून अर्धं पान. धिक्कार नाही, न्याय हा शब्दसुद्धा नाही. नवरा, मका, मुलं. खाली सहीच्या जागी फुली. आणि फुलीखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं एक ओळ : हा मजकूर मी या बाईला वाचून दाखवला, ही फुली तिची आहे. त्याखाली लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव. कागदाच्या पाठीवर राज्यपालाचा शेरा : सोडावे.

मी सुपरवायझरला विचारलं, ही खालची ओळ कुठल्या रकान्यात भरू? "त्याला रकाना नाही, सोडून दे," तो म्हणाला. मी ती शेऱ्यांच्या रकान्यात टाकली.

राज्यपाल काही देवमाणूस नव्हता. त्याच कागदांत तिथल्या मूळ लोकांनी जमिनी सोडल्याचे करार होते. खाली फुल्यांची रांग, शेजारी दुभाष्याचं नाव. म्हणजे तिथंही वाचून दाखवलं होतं. काय वाचलं आणि काय गाळलं, हे आता कोण सांगणार? त्यांच्या फुल्या राहिल्या, जमिनी गेल्या. हे रकाने भरताना मला पहिल्यांदाच पत्रक लिहावंसं वाटलं नाही. नुसतं डोकं टेबलावर ठेवावंसं वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन मामाच्या कागदाची झेरॉक्स परत काढली. अंगठ्याखाली एक सही होती. साक्षीदार. इतके दिवस मी तिकडे बघितलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष कंपनीच्या लेटरहेडवर होतं. मामाला फोन करून विचारलं, हा साक्षीदार कोण?

"तो? तो आपलाच, खेडचा. क्लार्क हाय. चांगला माणूस गो, ईदला आमच्या लेबर कॅम्पवर बिर्याणी पाठवतो."

त्या चांगल्या माणसाला मी नईम भागात त्याच्या घराखालच्या चहाच्या टपरीवर गाठलं. पन्नाशीचा, चष्मा दोरीला बांधलेला. मी कोण ते सांगितल्यावर हसलाच.

"म्हणजे ते तीन पानी तू लिहिलंस? ऑफिसात एकेकानं मोठ्यानं वाचलं. नाटकासारखं."

"काका, रमजानातला कागद तुम्ही वाचला होता?"

"मी वाचला होता."

"आणि मामाला?"

त्यानं चहात साखर ढवळली. ती आधीच विरघळली होती.

"साठ कागद होते त्या दिवशी. माझा रोजा. साहेब म्हणाला साक्षीदार म्हणून मार सही, मारली. खलास. सगळे असंच करतात."

"त्याची गणपतीची पाळी होती यंदा."

आता त्याचा हात थांबला. "पाळी होती? आमच्या शेजारच्या घरात असते ना, मला ठाऊक आहे पाळी म्हणजे काय. मग तो बोलला का नाही त्या वेळी?"

"काय बोलणार? कागदात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं."

मी अर्ध्या पानाचा नवा अर्ज पुढे केला. रजा, गणपती, पाच भाऊ. खाली एका ओळीची जागा मोकळी. त्या जागेत काय हवंय ते सांगितलं. त्यानं अर्ज वाचला, चष्मा खाली सोडला आणि म्हणाला, "मला दोन मुली शिकवायच्यात, बाय. बघतो, इंशाल्ला."

मी अर्ज त्याच्याकडेच ठेवून निघाले. खरं सांगायचं तर भांडायला दम उरला नव्हता.

दहा दिवस गेले. गणपती तीन दिवसांवर आला तेव्हा त्याचाच फोन. त्याच टपरीवर त्यानं खिशातून पेन काढलं आणि मोकळ्या जागेत इंग्रजीत लिहिलं : तो कागद मी यांना वाचून दाखवला नव्हता. पूर्ण नाव, सही, तारीख.

"नोकरी गेली तर माझं पत्रक तू लिहायचं," तो म्हणाला. "पण अर्ध्या पानाचं."

रजा मंजूर झाली गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. सीझनमधलं तिकीट, मग मुंबईहून रात्रभर बस. मामा घरी पोचला पाचव्या दिवशी सकाळी. मूर्ती धाकट्या भावानं आणली होती, पूजाही त्यानंच केली होती. मामाच्या वाट्याला वहाळापर्यंतची वाट आली.

त्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते.

"डोक्यावर घेतला गो. जड होता."

"आणि गुडघे?"

"गेले कामातून." मग, "त्या खेडवाल्याला सांग, मोदक आणतो म्हणावं."

खेडवाल्याची नोकरी राहिली. त्याला कागदांच्या टेबलावरून उचलून स्टोअरमध्ये टाकलंय, सिमेंटच्या गोणी मोजायला. आता त्या टेबलावर दुसरा कुणी साक्षीदार बसतो. तो वाचून दाखवतो की नाही, मला माहीत नाही. विचारायला जायचंय, अजून गेले नाही.

पाच दिवसांतले चार एका वाचून न दाखवलेल्या कागदानं खाल्ले. ते कुणी परत देणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते, कारण तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला वाचता येतं आणि कधी ना कधी टेबलाच्या त्या बाजूला तुम्हीही बसता, बँकेत, दवाखान्यात, तलाठ्याकडे. साक्षीदार म्हणून सही करायच्या आधी सगळा कागद समोरच्याला त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवा. मागे कितीही लाइन असू दे. मग खाली तसं लिहा आणि स्वतःचं पूर्ण नाव घाला. आणि न वाचून दाखवता मारलेली एखादी सही आत्ता आठवली असेल, तर उद्या सकाळी जाऊन तेही लिहून द्या.