मंदाताईंच्या दारातले बिनवासाचे गुलाब

ओटावाच्या कनाटा उपनगरात आमच्या मागच्या रस्त्यावर मंदाकिनी सबनीस राहायच्या. सगळे त्यांना मंदाताई म्हणायचे. मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन एकाहत्तर साली ओटावाला आल्या. यजमान चारुदत्तराव टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर. मंदाताई दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये मेण कोरायचं काम करत. पुढे निवृत्त झाल्या, पण हातांना स्वस्थ बसायची सवयच नव्हती.

त्यांच्या घरासमोर फुटपाथपर्यंत उतरणारा एक छोटा उतार होता. त्यावर त्यांचे गुलाब. लांब देठाचे, मोठ्या फुलांचे, वासाचे. ओटावाच्या थंडीत असे गुलाब जगवणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. नोव्हेंबर लागला की प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मातीचा ढीग, त्यावर वाळकी पानं, भोवती गोणपाट आणि सुतळी. वसंतात पुन्हा सगळं अलगद सोडवायचं. पानांवर काळे ठिपके पडायचे. फवारणीची औषधं सरकारी बंदीमुळे दुकानातून नाहीशी झाली तेव्हापासून त्या एकेक रोगट पान हातानं खुडायच्या आणि भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायच्या.

ड्राइव्हवेच्या कोपऱ्यावर एक पिवळा गुलाब होता. त्र्याऐंशी साली मंदाताईंची आई मिरजेत वारली तेव्हा त्यांची लेक देवयानी पोटात होती, आठवा महिना. डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. बर्फ वितळल्यावर चारुदत्तरावांनी स्वतः खड्डा खणला आणि दोघांनी मिळून ते झाड लावलं. घरात त्याला ‘आईचा गुलाब’च म्हणायचे.

दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरात गोणपाट बांधताना मंदाताई ओल्या पानांवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. त्या हिवाळ्यात निम्मे गुलाब उघडेच राहिले. वसंतात खिडकीतून बघावं तर फांद्या काळ्या ठिक्कर.

“मेच्या शेवटापर्यंत हात लावू नका,” त्यांनी चारुदत्तरावांना बजावलं होतं. “खालून फुटेल एखादं.”

त्यांना फिजिओथेरपीला मी न्यायचे. मेच्या मध्यावर एके दिवशी आम्ही परत आलो, तर उतार मोकळा. माती सारखी केलेली, आणि तिच्यावर नवी, वीतभर उंचीची रोपं ओळीनं लावलेली. चारुदत्तराव मातीनं माखलेल्या हातांनी हसत उभे.

“मंदा, आता तुला वाकायला नको!” ते म्हणाले. “ग्राउंडकव्हर रोझेस. जमिनीलगत पसरतात. नर्सरीतल्या मुलीनं सगळं समजावून सांगितलं. फवारणी नको, गुंडाळणं नको, वाळकी फुलं खुडणंसुद्धा नको, आपोआप गळतात. वसंतात एकदा कात्री फिरवली की झालं.”

मंदाताई वॉकर ढकलत ड्राइव्हवेच्या कोपऱ्याशी गेल्या. तिथेही एक नवं रोप होतं.

“अहो, आईचा गुलाब?”

“कुठला?”

“आईचा. पिवळा. खालून हिरवा होता अजून. मी परवाच बघितला होता.”

चारुदत्तरावांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला उत्तर ठाऊक असावं. मग म्हणाले, “सगळे मेलेच होते, मंदा.”

काढलेली झाडं कागदी पिशव्यांत भरून त्यांनी रस्त्याच्या कडेला ठेवली होती आणि महापालिकेचा ट्रक सकाळीच येऊन गेला होता. मंदाताई आत गेल्या. मीही चहा न घेता निघाले.

पुढच्या खेपेला गाडीत त्या पट्टा लावून बसल्या. मग म्हणाल्या, “मी भांडायला बसले होते, प्रमिला. म्हटलं, तुम्ही स्वतः खणला होतात तो खड्डा, असं कसं केलंत? तर मला विचारतात, ‘कोणाची आई?’ मला वाटलं, उगाच काहीतरी सारवासारव करताहेत. पण नाही गं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझ्या आईचं जाणं आठवत नव्हतं, ते झाड आठवत नव्हतं. मी भांडायला बसले होते, आणि समोर भांडायला माणूसच नाही.”

त्या उन्हाळ्यात चारुदत्तराव ग्रोसरीला गेले आणि नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकले. मग डॉक्टर, तपासण्या, मेंदूचे फोटो. शरद ऋतूत स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. देवयानी कॅलगरीहून आली, आठवडाभर राहिली. तिचं सारखं एकच टुमणं, “Aai, you can’t do this alone.” मंदाताई म्हणायच्या, “बघू.”

नवे गुलाब मात्र जोमानं वाढले. दुसऱ्या वर्षी फांद्या एकमेकींत गुंतून सगळा उतार झाकला गेला. जूनपासून थंडी पडेपर्यंत लहान, गुलाबी, पाच पाकळ्यांची फुलं. येणारेजाणारे थांबून बघत. आणि चारुदत्तराव, ज्यांना दुपारी जेवलो की नाही हेही आठवत नसे, ते दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत, “I planted these. My wife has a bad hip.” कुत्र्याला फिरवणारी बाई असो, पोस्टमन असो, तेच वाक्य, त्याच अभिमानानं.

मंदाताईंना ते ऐकवत नसे. “वास नाही, काही नाही,” त्या मला म्हणाल्या. “आणि माझ्याकडे काही मागतही नाहीत. इतकी वर्षं मी त्या झाडांमागे होते. या नव्या गुलाबांना मी असले काय, नसले काय.”

“बरं आहे की,” मी म्हटलं. “तुम्हाला आता वेळ तरी कुठे आहे?”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “तेच खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.”

जुलैतल्या एका दुपारी त्यांचा फोन आला, “जरा येतेस का?” मी गेले तर चारुदत्तराव त्या झुडपांच्या ऐन मध्ये बसलेले. गवत उपटायला आत शिरले होते. या गुलाबांना काटे फार, बारीक आणि वाकडे. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, झब्बा फाटलेला, आणि बाहेर कसं यायचं ते कळत नव्हतं. मंदाताईंना काठी घेऊन त्या उतारावर पाय टाकता येईना. मी फांद्या बाजूला धरून त्यांना हळूहळू बाहेर काढलं.

स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून मंदाताई चिमट्यानं एकेक काटा काढू लागल्या. लॅबमध्ये मेण कोरताना जशा वाकत असतील तशाच वाकल्या होत्या. चारुदत्तराव शांतपणे हात पुढे करून बसले होते. मध्येच त्यांनी विचारलं, “मंदा, तू आत शिरली नाहीस ना? तुझा पाय कसाय?”

मंदाताईंचा हात थांबला. “बरा आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा काटा शोधू लागल्या. पण डोळ्यांत पाणी आल्यावर काटा कसला दिसतोय. चिमटा मी त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्या दिवसानंतर त्या गुलाबांबद्दल वाकडं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. चारुदत्तराव दारात उभे राहून लोकांना सांगू लागले की त्याही शेजारी जाऊन उभ्या राहत.

पुढच्या वसंतात चारुदत्तरावांना सांभाळणं आवाक्याबाहेर गेलं. दोनदा ते जिन्यात पडले. एकदा गॅस चालू करून विसरले. लाँगटर्म केअर होममध्ये जागा मिळाली तेव्हा मंदाताईंनी त्यांची बॅग स्वतः भरली. स्वेटर, चष्मा, रोजची स्टीलची वाटी. देवयानीनं मदत करू का म्हणून विचारलं, तर “नको” म्हणाल्या.

जूनमध्ये गुलाब फुलले. या फुलांना देठ असा नसतोच, फुलदाणीत ती राहत नाहीत. मंदाताईंनी एका पसरट वाटीत पाणी घालून त्यात फुलं तरंगत ठेवली आणि मांडीवर सांभाळत माझ्या गाडीतून घेऊन गेल्या. चारुदत्तराव खिडकीपाशी बसले होते. वाटीकडे त्यांनी वाकून पाहिलं.

“छान आहेत,” ते म्हणाले. “कुणी लावले?”

“तुम्ही,” मंदाताई म्हणाल्या.

“मी नाही हो, बाई. तुमच्या यजमानांनी लावले असतील.”

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी दाराशी उभी होते. आत जावं की बाहेर, मला कळेना. मंदाताईंनी वाटी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “त्यांनीच लावले. माझा पाय मोडला होता ना, म्हणून.”

“भला माणूस दिसतोय.”

“आहेत,” मंदाताई म्हणाल्या.

मग ते दोघं फुलांबद्दल बोलत बसले. पाणी किती लागतं, ऊन किती लागतं. चारुदत्तराव परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं विचारत होते आणि मंदाताई नर्सरीतल्या त्या मुलीनं सांगितलेलं सगळं, जे त्यांनी कधी ऐकून घेतल्यासारखं दाखवलं नव्हतं, एकेक करून त्यांना सांगत होत्या. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, “आज किती दिवसांनी ते माझ्याशी इतकं बोलले.”

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत न्यूमोनियानं चारुदत्तराव गेले. बाहेर उणे तीस. देवयानीचं विमान उशिरा पोचलं, पण पोचलं.

बर्फ वितळल्यावर मंदाताईंनी छाटणीची कात्री काढली. मी बरोबर होते. त्या उतारावर चढू शकत नव्हत्या म्हणून फुटपाथच्या बाजूनं हात पोचेल तेवढं कापत होत्या, वरचं मी. कापून झालं तेव्हा ती झुडपं अगदीच उघडी दिसत होती. पण जूनमध्ये पुन्हा भरगच्च फुलली, कुणी काही न करता.

देवयानीनं मग फार आग्रह धरला आणि मंदाताईंनी घर विकायला काढलं. नव्या जोडप्याला किल्ल्या देताना त्यांनी गुलाबांचं सांगितलं. वसंतात एकदा कापायचे, बस. तो तरुण म्हणाला, “That’s it?” मंदाताई म्हणाल्या, “That’s it.” आणि गाडीत बसल्या.

आता दर रविवारी कॅलगरीहून त्यांचा फोन येतो. माझे गुडघे कसे आहेत, मंडळाच्या गणपतीला किती लोक आले, कोण आजारी आहे, सगळं विचारतात. नव्या मालकांनी दुसऱ्या गाडीसाठी ड्राइव्हवे रुंद केला आणि अर्ध्याहून जास्त गुलाब त्यात गेले. गुलाबांचं त्या विचारत नाहीत. मीही सांगत नाही.