तिथीची पाऊणपट

निवृत्तीनंतर मी आमच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्रोग्रामिंग शिकवत होतो. जन्मभर गणित शिकवलेलं. पायथन उतारवयात, मुलांच्या एकच धडा पुढे राहत शिकलो. ते वर्गाला कळू नये म्हणून जरा जास्तच कडक वागायचो.

प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने स्वतःचा व्हिडिओ गेम बनवायचा, अशी अट मीच घातली. बहुतेकांनी गाड्या पळवल्या, बंदुका चालवल्या. एका कोळ्याच्या मुलीने आगरदांड्याहून दिघीला होडी नेण्याचा खेळ केला. ओहोटीला निघालं की होडी चिखलात रुतायची. तिथी बदलली की भरतीची वेळ बदलायची. खेळ इतका चांगला चालत होता की मला संशय आला.

तोंडी परीक्षेत मी पडद्यावरच्या कोडवर बोट ठेवलं. "हे पॉइंट सेव्हन फाइव्ह कुठल्या वेबसाईटवरून उचललंस?"

"वेबसाईट न्हाय सर. तिथीची पाऊणपट. आमचे बाबा असंच मोजतात."

"बाबा पायथन शिकवतात वाटतं?"

वर्ग खदखदून हसला. ती खाली बघत राहिली. मी शेरा लिहिला: नक्कल. नापास.

त्याच आठवड्यात आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीची वाट पाहत होतो. शेजारी बसलेले, होडी चालवणारे एक म्हातारे तांडेल मला म्हणाले, "मास्तर, आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पाणी भरंल." मी आत डोंगराकडच्या, भातशेतीच्या गावचा. समुद्र रोज पाहिला, मोजला कधीच नव्हता. तिचं पॉइंट सेव्हन फाइव्ह ते हेच. फेरी लागली, पण मी चढलोच नाही.

गुण पाठवायला अजून चार दिवस होते. चारही दिवस यादी खिशात घेऊन स्टाफरूम ते प्राचार्यांची खोली अशा येरझारा घातल्या. दारापर्यंत जायचो आणि वर्गाचं ते हसणं आठवून परत फिरायचो. आता ते माझ्यावर हसले असते. चौथ्या दिवशी यादी होती तशीच पाठवली.

तिने कॉलेज सोडलं. ही गोष्ट मी इतकी वर्षं घरीही सांगितली नाही.

गेल्या महिन्यात प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला: 'गैरसमजातून माझ्याकडून चुकीचा शेरा गेला. खेळ तिचा स्वतःचा होता.' प्राचार्य आता नवे आहेत. म्हणाले, "सर, जुनं रेकॉर्ड आहे, आता कशाला उकरता?" अर्ज त्यांनी परत माझ्या हातात दिला.

तो घेऊन तिच्या दुकानात गेलो. जेट्टीजवळ ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. तिने अर्ज उभ्यानेच वाचला.

"सर, त्यात खरी चूक होती, ती दिसली का तुम्हाला?"

"कुठली?"

"पुनवेनंतर तिथी परत एकपासून मोजतात. मी तशीच तीसपर्यंत नेली. वद्य पक्षात माझं पाणी पाऊण तास आधी चढायचं. त्याचे मार्क कापले असते, तर मी गप घेतले असते."

बाहेर एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"तुम्ही वाचलंच न्हवतं, सर," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मागून घेतलं.

मी तिच्याच टेबलावरचं पेन उचललं. अर्जातला 'गैरसमजातून' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'कोड न वाचता'. खाली पुन्हा सही केली. उद्या कॉलेज उघडलं की परत जाणार आहे. या वेळी आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठणार नाही.