लॉबीतला साहेब

सियाचीनच्या बर्फात पायाची दोन बोटं गमावून आलेला हवालदार सूर्यकांत निवृत्तीनंतर दुबईच्या देरा भागातल्या एका नव्याकोऱ्या टॉवरचा दरवान झाला. मॅनेजरला थाटमाटाचा भारी सोस. लॉबीत एक जुनं युरोपी चित्र टांगलेलं होतं, तीनेकशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. त्यात एक लष्करी साहेब: पिसांची टोपी, खांद्यावर फितींचे झुबके, ढेरीवर ताणलेला कोट, जमिनीवर घासणारी तलवार. मॅनेजरने शिंप्याला हुकूम सोडला, "डिट्टो ऐसा बनाओ." शिंप्याने तलवार तेवढी वगळली.

सूर्यकांत त्या तांबड्या कोटावर बेहद्द खूश होता. पलटणीत त्याच्या वाट्याला असला रुबाब कधी आला होता? येता-जाता तो चित्रातल्या साहेबाला सलाम ठोकायचा. आल्यागेल्यांपैकी काही गोरे चित्र पाहून, मग त्याला पाहून हसायचे. तोही अदबीने हसायचा. त्या वेषातला फोटो त्याने गावी बायकोला धाडला आणि मुक्ताबाईने तो दर्शनी भिंतीवर लावला.

मग मंदी आली आणि मजल्यामागून मजला रिकामा झाला. २००९ मध्ये लॉबीतलं सामानही विकायला निघालं. यादी करायला आलेली शोभना पुण्याची निघाली. चित्राखालच्या ओळी वाचून ती खुदकन हसली.

"मॅडम, कोण होते हे साहेब? मोठे जनरल असतील."

"छे हो काका, हे कार्टून आहे. खाली लिहिलंय, याच्या तलवारीने आजवर फक्त कोंबड्या मारल्या. अशा ऑफिसरांची टर उडवायला काढायचे." मग तिची नजर त्याच्या कोटावर गेली. "सॉरी काका."

तीन वर्षांतलं ते सगळं हसणं सूर्यकांतला एकदम आठवलं. लाजेने त्याचे कान तापले. कोपऱ्यात जाऊन त्याने घरी फोन लावला.

"मुक्ता, त्यो फोटू काढ भिंतीवरनं. माझा पलटणीतला लाव."

"अवो, त्यो कसा लावू? त्याच फ्रेमीत ह्यो बसवला न्हवं का. जुना फोटू फ्रेमवाल्यानं मागं पुठ्ठा म्हणून चिकटवलाय. काढाया गेलं तर फाटंल."

सूर्यकांतने मान वळवून चित्रातल्या साहेबाकडे पाहिलं.

"का वो, काय झालं?"

"काय न्हाई. ऱ्हाऊ दे."

कोट उतरवला तर नोकरी खलास, हे मॅनेजरने केव्हाच बजावलं होतं. सूर्यकांतने पिसांची टोपी नीट केली आणि तो पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.