राबात गेलेली सपाट रेषा

सात कार्बन अणूंची साखळी वायूच्या अणूवर जोरात आदळली, की बहुधा चार आणि तीन अशी फुटते. चारच्या तुकड्यावर विद्युतभार उरतो, म्हणून तो यंत्राला दिसतो. तीनचा भाराविना निसटतो. तो गेला हे उरलेल्या चारवरून ओळखायचं. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी याच कामावर हंगामी नोकर होतो. यंत्राची लेखणी कागदाच्या गुंडाळीवर रेषा काढी. तुकडा आला की रेषेला शिखर येई. आधी वायू न सोडता नोंद घ्यायची, तिच्यात चारच्या जागी रेषा सपाट हवी. मग वायू सोडून दुसरी. पहिली नसेल, तर शिखर टकरीचंच हे कशावरून?

नोंदी घरी न्यायच्या नाहीत, असं प्रयोगशाळेतल्या सरांनी बजावलं होतं. मी दोन्ही नोंदींची गुंडाळी नेली. कोंडाण्याच्या अलीकडे आमचं घर. शिखरं मोजायचं निमित्त. खरं म्हणजे वहिनीसमोर मिरवायचं होतं. पोरांचे हात लागू नयेत म्हणून गुंडाळी माळ्यावर सुक्या पाल्यात खोचली. वैशाखात माळ्यावर पाला कशाला साठवतात, हे शेतकऱ्याच्या लेकाला विचारू नये.

सकाळी वर चढलो तर माळा रिकामा. खिडकीतून भाताची रोपं करायची जागा दिसली आणि तिथला धूर. अनवाणीच धावलो.

पेरणीआधी जमीन भाजायला तिच्यावर पसरलेला पाला म्हणजे राब. तो वाऱ्याच्या उलट पेटवतात, म्हणजे आग पळत नाही, सरपटत भाजत जाते. मी त्यात पाय घालून पाला उपसू लागलो.

"भावजी, वरसाची रोपं याच्यावर हायेत. इस्कटू नका," वहिनी म्हणाली.

गुंडाळीचं ऐकल्यावर मात्र तिनंच दाताळ्यानं ती ओढून काढली. आतली शिखराची नोंद शाबूत. बाहेरची, सपाट रेषेची, जळून गेलेली.

आता नोकरी जाणार. मग मनात आलं, जळली ती नुसती सरळ रेषा, कोणीही काढेल. गुंडाळीच्या शेवटी कोरा कागद होता. ओटीवर बसून पेन टेकवलं, तर हात असा कापायला लागला की रेषेवर टेकड्या उगवल्या. सगळ्यांत मोठी नेमकी चारच्या जागी.

"काय काडताय?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही."

"मंग घाबरताय कशापायी?"

तो तुकडा मी फाडून चुलीत टाकला.

सोमवारी सरांच्या टेबलावर जळकी गुंडाळी ठेवली. पाठ केलेलं सगळं विसरलो. "राबात गेली," एवढंच निघालं, आणि मग राब म्हणजे काय तेच समजावत बसलो. सरांनी फुंकरीनं राख उडवली, शिखराकडे पाहिलं.

"हे आता कशाचंच शिखर नाही. दोन्ही नोंदी पुन्हा घे. मी इथंच बसतो."

वायू बंद आहे ना, ते तीनदा पाहिलं. टेबलाला धक्का लागू नये म्हणून फोड आलेले पाय वर घेऊन बसलो. लेखणी चारच्या जागेशी आली. रेषा सरळ पुढे गेली.