पुंडलिक मेस्तांचं गॅरेज

गाडीला हात लावण्याआधी पुंडलिक मेस्त मालकाला एकच प्रश्न विचारायचे, "ही गाडी आनी कोण चलयता?" भाऊ, मेहुणा, शेजारी, जो कोणी असेल त्याचं नाव सांगावं लागे. मग ते गाडी सुरू करायला लावत, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाशी धरत आणि डोळे मिटून घेत. आम्ही गिऱ्हाइकं बाकावर बसून वाट बघायचो. डोळे उघडले की म्हणायचे, "दोगांचे हात लागल्यात हिका. एक जाण क्लच धरूनच चलयता." ते बहुतेक वेळा खरं निघे. गाडीला धनी एकच असावा, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी सावंतवाडीकडचा. सुर्ल्याच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि कारापूरला खोली घेऊन राहिलो. येण्याजाण्यासाठी दोन सायलेन्सरची एक जुनी मोटारसायकल घेतली. ती महिन्यातून दोनदा तरी मला कारापुरातल्याच मेस्तांच्या दारात नेऊन उभी करी. गॅरेज त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं, पोर्तुगीजांच्या अमदानीत, एका खोपटात. वडील मूळचे सुतार. एका पाद्र्याची मोटारसायकल रस्त्यात बंद पडली, ती त्यांनी उत्सुकतेपोटी उघडली, आणि दोन दिवस खपून पुन्हा जोडून चालवून दाखवली. कारागिराला तिकडे मेस्त म्हणतात. घराण्याचं आडनाव मागे पडलं आणि मेस्त हेच नाव चिकटलं. पुढे खाणी वाढल्या, खाणींवरच्या पोरांनी गाड्या घेतल्या, आणि त्या खोपटाचं कौलारू गॅरेज झालं. वडिलांमागे ते पुंडलिक आणि धाकटा दामोदर चालवत होते.

दोघा भावांत बारा वर्षांचं अंतर. दामूला थोरल्यानेच वाढवलेलं. पुंडलिक दशावतारात कामं करायचे, घरी मराठी वर्तमानपत्र घ्यायचे. दामू पक्का कोंकणीवाला. राजभाषा कोंकणी की मराठी, यावर गोव्यात आंदोलन पेटलं तेव्हा एकाच इंजिनाच्या दोन बाजूंना बसून दोघे वाद घालत, आणि मधेच एकजण "बारा नंबर दी" म्हणाला की दुसरा पाना पुढे करी. गॅरेजची पाटी नव्याने रंगवायची ठरली, पण नाव कुठल्या भाषेत लिहायचं यावर एकमत होईना. पाटी नुसती पांढरी रंगवून टांगली गेली. कोणी छेडलं तर पुंडलिक म्हणायचे, "घरात उलयतां ती कोंकणी, नाटकात उलयतां ती मराठी. दोगांय म्हजीच."

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या गाडीचा मागचा ब्रेक लागत नव्हता. पुढचा तर नावालाच होता. त्या दिवशी शाळेची तपासणी होती, दहाला साहेब येणार होते. मी नऊच्या आधीच गॅरेजात पोचलो. पुंडलिकांनी मागचं चाक उघडलं, ब्रेकचे नवे लायनर बसवले. मी घड्याळ बघत होतो. "मेस्त, होतंय ना?" असं मी एकदा विचारलं, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता. ते उठले आणि फडक्याला हात पुसू लागले. तेवढ्यात दामूने गाडीला किक मारली. "दादा, ट्रायल मारून येतां," म्हणाला आणि सुर्ल्याच्या उताराला लागला.

उतार संपतो तिथे खनिजाचे ट्रक मुख्य रस्त्याला मिळतात. दामू त्यातल्या एका ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेला. आम्ही धावत पोचलो तेव्हा लोक ड्रायव्हरला मारत होते. कुडाळकडचा, पंचविशीतला पोर. रक्ताळलेल्या तोंडाने तो एकच सांगत होता, की मोटारसायकल थांबलीच नाही, ती आपणहून अंगावर आली. कोणी ऐकलं नाही. पोलिसांनी त्याला कोठडीत टाकलं. ट्रक भरधाव होता, असं लिहून घेतलं गेलं. तसं सांगायला तिथे वीस माणसं तयार होती.

चौथ्या दिवशी पुंडलिकांच्या बायकोने त्यांचा कामाचा शर्ट धुवायला घेतला. खिशात एक पिन सापडली. काडीएवढी, दोन पायांची. ब्रेकचा रॉड जागेवर धरून ठेवते ती. ती नसेल तर दोनचार वेळा ब्रेक लागतो आणि मग रॉड निसटतो. काम करताना पिन खिशात टाकायची त्यांची सवय होती, आणि शेवटी ती बसवायची.

त्यांनी ती बायकोकडून मागून घेतली. तिने हात जोडले, जे झालं ते झालं, आता गप्प राहा म्हणून विनवलं. त्यांनी धुतलेले कपडे घातले आणि पिन कागदात गुंडाळून पोलिसांकडे गेले. तिथल्या फौजदाराने त्यांना समजावलं, भाऊ गेलाय, डोकं ठिकाणावर नाही, घरी जा. ते बाकावरून उठले नाहीत. संध्याकाळी त्यांची जबानी लिहिली गेली. ड्रायव्हर सुटला. तो कधी भेटायला आला नाही, आणि त्याने यावं असं पुंडलिकांनाही वाटत नव्हतं.

जबानीत माझं नाव फक्त गाडीचा मालक म्हणून आलं. मी घाई केली, हे त्यांनी कुठेच सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

दामूची बायको सुमित्रा त्याच घरात राहायची, कडेवर वर्षाचं पोर. तिने एकदाच, स्वयंपाकघराच्या दारातून, दिराला विचारलं, "मारलो तो मारलो. सांगपाक कित्याक गेले?" पोलिसांना सांगायला कशाला गेलात, असं. परक्या माणसावर राग धरून तिला जगता आलं असतं. आता तो राग ज्याच्या कमाईचं खायचं त्याच्यावर आला होता. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

गॅरेजात गाड्या येईनाशा झाल्या. ज्याने भावालाच मारलं त्याच्याकडे गाडी कोण देणार, असं लोक म्हणत, आणि काही तर त्यांना ऐकू जाईल असं म्हणत. पुंडलिकांवर खटला चालला, दंड झाला. तो भरून त्यांनी घर सुमित्राच्या नावावर केलं, पाने-पकडी भंगारात दिल्या आणि बायकोच्या गावी, पेडण्यातल्या कोरगावला, काजूच्या बागेत राहायला गेले. त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही.

मी त्यांच्याकडे जायला सात वर्षं लावली. पहिल्या दोन खेपांना हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. तिसऱ्या खेपेला ते काजूचे बोंडू वेचत होते, तिथेच उभ्याउभ्या सांगून टाकलं, की मेस्त, मी तीनदा घाई केली नसती तर पिन राहिली नसती.

त्यांनी टोपली खाली ठेवली. "मास्तर, घाय तुमची आसली. हात म्हजो आसलो," ते म्हणाले.

मी म्हटलं, निदान सुमित्राला तरी जाऊन सांगतो.

"नाका," ते म्हणाले. "रागार आसपाक तिका एक मनीस पुरो." राग धरायला तिला एकटे आपणच पुरेत, असं.

मग त्यांनी मला ओंजळभर काजू दिले आणि शेवटची बस चुकवू नका म्हणाले.

गेल्या चैत्रात ते वारले. सुमित्रा कोरगावला गेली नाही. मुलाला पाठवलं, अग्नी त्याने दिला. पंधरा दिवसांनी मी कारापूरला तिच्या घरी गेलो. मी चतुर्थीला नेहमी जातो, ती मला घरच्यासारखं बसवते. तिने चहा ठेवला आणि पाठमोरीच राहून विचारलं, "तुमी कोरगावा वयताले. म्हजेविशीं कांय उलयल्ले ते?"

कोरगावात ते तिच्याविषयी काय बोलले ते सांगायचं तर माझ्या घाईसकट सगळंच सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, काही नाही. तिने मान हलवली, चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला.