ब्रेकवाली

खंडेनवमीला मी मशीनला हळदकुंकू लावत होते. मागून मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "ये कौन है?"

माझ्या चुलतदिराने उत्तर दिलं, "कोई नहीं साहेब. ब्रेकवाली है."

कोई नहीं. मला या कंपनीत आणणारा हाच माणूस. घरी जेवायला बसला की वहिनी वहिनी करून भाकरी मागून घेणारा. अंबरनाथच्या एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणारी ही कंपनी, आणि तिला कामगार पुरवणारा ठेकेदार म्हणजे हा. त्याने माझ्या हातातलं पूजेचं ताट काढून घेतलं आणि एका पर्मनंट कामगाराकडे दिलं. मला गेटबाहेर पाठवलं. नवी साडी नेसून गेले होते. रिक्षा स्टँडवर उभी राहून रडले. लोक बघत होते, बघू देत.

ब्रेक म्हणजे काय ते सांगते. सलग काम केलं तर बाई कायम करा म्हणेल, या भीतीने ठेकेदार अधूनमधून घरी बसवतो. मग पुन्हा बोलावतो. नवं कार्ड, नवी भरती. मी त्याच मशीनवर परत जायचे आणि सुपरवायझर दर वेळी विचारायचा, "काम येतं का?" मी हसून म्हणायचे, येतं साहेब. आज त्या हसण्याचा मला राग येतो. ब्रेकवर असताना पूजेला जायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मशीन माझं आहे असं वाटत होतं. वेडेपणा, दुसरं काय.

दिवाळीच्या तोंडावर दीर घरी आला. पेढ्यांचा पुडा घेऊन. माणूस एवढा गोड झाला की समजावं, काहीतरी काम काढलंय. कंपनीत सभा होती. कामगार कायद्यातल्या सुधारणांवर बोलायला बाहेरून एक मॅडम येणार होत्या. लवचिकता कामगारांनाही हवी असते, हे एखाद्या कामगार बाईच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"वहिनी, तुम्ही एवढंच बोला. ब्रेक आम्हीच मागतो, घर-पोरं बघायला सोयीचा पडतो. मग तुमचं पर्मनंटचं मी बघतो."

पर्मनंट. या एका शब्दावर त्याने मला वर्षानुवर्षं नाचवलं होतं. नवरा म्हणाला, "बोल की. आपलाच माणूस आहे." नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं. बोलून टाकावं असं माझ्याही मनात आलं. रात्रभर तेच वाक्य घोकत होते.

सभेत मॅडम बरं बोलल्या. ऑर्डर कधी असते, कधी नसते, कंपनीला माणसं कमीजास्त करता आली पाहिजेत. पटलं मला. गिऱ्हाईक नसताना झाकणं काढून काय डोक्यावर घ्यायची? पण पुढे त्या असंही म्हणाल्या की ज्याचं काम जाईल त्याला नवं मिळेपर्यंत आधार द्यायला हवा, दुसरं काम शिकवायला हवं. तेव्हा मॅनेजरसाहेब मोबाइल बघत होते. माझा दीर मला खुणा करत होता.

मी उठले. माइक हातात घेतला.

"ब्रेक आम्ही मागत नाही," मी म्हणाले. "मांजर्लीत माझ्या घरात नदीचं पाणी शिरलं होतं. दोन दिवस सुट्टी मागितली, दिली नाही. घरातला चिखल तसाच टाकून कामावर आले. पुढे ऑर्डर भरभरून होती तेव्हा मला ब्रेक दिला आणि माझ्या मशीनवर दुसरी बाई बसवली. काम होतं, मग मला घरी का बसवलं? ही कसली लवचिकता? वाकायचं फक्त आम्हीच."

दीर घाईने म्हणाला, "मॅडम, बाई नवीन आहे. तिला काही माहीत नाही."

"भाऊजी, मी नवीन नाही," मी म्हणाले.

भाऊजी अशी हाक मारली, सगळ्यांसमोर, मुद्दाम. त्याचा चेहरा उतरला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. ते माहीतच होतं. मशीन गेल्याचं दुःख आहे, पण त्याहून जास्त हे लागलं की परक्याने नाही, घरच्याने केसाने गळा कापला. माझ्याच घरचं खाऊन, मला वहिनी म्हणून.

मी कामगार कार्यालयात तक्रार दिली आहे. बरोबरच्या बाया अजून घाबरतात, त्यांच्यावर माझा राग नाही. नवरा धड बोलत नाही. सासू रोज सांगते, मिटवून टाक, नातं तुटेल. तुटू दे. तक्रारीत ठेकेदार म्हणून त्याचं पूर्ण नाव मी सांगितलं आहे, बापाच्या नावासकट. ते मी मागे घेणार नाही.