लाकडातली हनुवटी

टेलरमास्तरांची उभी हयात कापडात गेली आणि म्हातारपणी त्यांनी लाकडात हात घातला, तेव्हा गल्लीत जो तो म्हणाला, या वयात हे काय खूळ! खूळ कसलं आलंय? साखरेच्या आजाराने मास्तरांच्या बायकोची दृष्टी गेली होती, आणि एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, "अहो, छकुलीचा चेहराच आठवेनासा झालाय मला. नुसता बोटांना लागला असता तरी चाललं असतं."

छकुली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणीच तापात गेली, त्याला जमाना झाला. तिचा फोटो एकच होता, आणि ओल लागून त्यातला नेमका चेहराच पांढरा पडला होता. आता डोळ्यांपाठोपाठ बायकोची बोटंही बधिर होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढतच जाणार. म्हणून मास्तरांना घाई.

मागच्या गल्लीतल्या सुतारमिस्त्रींकडे नक्षीकामाची विजेची करवत होती. उभं लावलेलं दोऱ्यासारखं पातं खालीवर नाचायचं आणि आपण फळी फिरवत रेघ कापत न्यायची. मास्तर समोर बसले आणि सवयीने त्यांचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनचं पायडल शोधू लागला. मग कापड सरकवावं तशी त्यांनी फळी पुढे रेटली. पातं ताडकन तुटलं.

"मास्तर, रेटू नका. त्याला त्याच्या चालीनं कापू द्या," मिस्त्री म्हणाले.

पाती तुटायची थांबली, तर वेगळीच खोड निघाली. मास्तर रेघेच्या बाहेरून कापत. जन्मभर खडूच्या खुणेबाहेर शिलाईपुरतं कापड राखलेला माणूस तो, हात ऐकेल तर शपथ! बदक कोरायला घेतलं, त्याची मान रेड्यासारखी झाली.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो, लाकडाला कुठे शिवण असते? जास्तीचं ठेवून दुमडणार कुठे?"

मास्तरही हसले. पण हसायला वेळ कुठे होता? बदकं, पानं सोडून त्यांनी कागदावर आठवेल तसा छकुलीचा बाजूने दिसणारा चेहरा काढला, तो प्लायवूडवर चिकटवला आणि कापून घरी नेला.

बायकोने बोट फिरवलं. "अगं बाई, हे तर सासूबाईंचं नाक! शेवटी बसवलंतच ना पोरीला?"

दुसऱ्या खेपेला नाक पटलं, पण कपाळ नाही. त्यापुढच्या खेपेला म्हणाली, "हनुवटी वर हवी. जरा रुसल्यासारखी." मास्तर मान डोलवून परत मिस्त्रींकडे जायचे. ती हनुवटी त्यांना स्वतःलाही आठवत नव्हती, हे तिला सांगायची त्यांची छाती झाली नाही. ती सांगेल तसं ते कापत गेले.

शेवटी एका दुपारी करवत रेघ जराही न सोडता फिरून आली. मिस्त्रींनी स्वतः फुंकर मारून भुसा उडवला. मास्तरांनी कडा पॉलिशपेपरने घासल्या आणि तडक घर गाठलं.

"बघ बरं."

तिने ते लाकूड मांडीवर घेतलं, फिरवलं, चाचपलं. "हं, हे नाक. आणि ही..." तिने बोट पुन्हा फिरवलं. "हीच, हीच हनुवटी! रुसलेली! आली हो पोर घरी."

मास्तर बघतच राहिले. लाकूड तिने मागचं पुढे करून धरलं होतं. तिचं बोट छकुलीच्या डोक्यामागून, वेणीवरून खाली उतरत होतं.

त्यांना वाटलं, तिचा हात धरावा आणि बोट नीट पुढे आणून टेकवावं. पण त्या बधिर बोटाला तिथे तरी काय कळणार होतं? आपल्याला उशीर झाला, एवढंच त्यांना कळलं.

"जमली ना गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"हुबेहूब. तुम्हीही हात लावून बघा ना."

मास्तर तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी पुढच्या बाजूने, हनुवटीवर बोट ठेवलं. ती त्यांच्या लेकीची होती की नाही, हे सांगणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं.